खांद्यावर न थांबणारी जादा गाडी

माझा डावा हात वर जात नाही, हे मला घरी कळलंच नव्हतं. घरी हात वर करायची वेळ येते कुठं? वरच्या फळीवरचे डबे बायको काढते आणि मी खाली बसून 'सांभाळून गं' म्हणतो. कळलं ते अमेरिकेत मुलाकडे आल्यावर, सनीव्हेलला, लायसन्सच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये, परीक्षा घेणाऱ्या माणसासमोर.

तीस वर्षं मी टेम्पो चालवला. भाजीचा, विटांचा, एकदा तर नवरदेवासकट अख्ख्या वऱ्हाडाचा. शिक्षण चौथी, आणि तेही मास्तरांना माझं तोंड परत बघायचं नव्हतं म्हणून पास. तर मला आयुष्यात एकच गोष्ट येते, गाडी चालवणं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. इथं येऊन नेमका त्याच विषयात नापास झालो.

इथं गाडी हलवायच्या आधी हातानं खुणा करून दाखवाव्या लागतात. दिवे बंद पडले तर काय, म्हणून. डावीकडे वळायचं तर डावा हात खिडकीतून सरळ बाहेर. उजवीकडे वळायचं तर तोच हात कोपरातून वर. थांबायचं तर खाली. माझी थांबायची खूण एकदम फर्स्टक्लास झाली. डावीकडची निम्मी झाली. उजवीकडची काही होईना. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, खिडकीबाहेरचा सगळा कारभार उजव्या हाताचा. डाव्याला गिअर आणि पाठ खाजवणं एवढंच काम. त्यात त्या माणसानं काचेवरचं धुकं घालवायचं बटण विचारलं. मी तीस वर्षं पावसात काचेला तंबाखू चोळत आलो. मुलाच्या गाडीत तर बटणच नाही, टीव्हीसारखा पडदा. त्यावर बोट ठेवलं तर गाणं लागलं. त्या माणसानं ते थोडा वेळ ऐकलं, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि गाडी जागची न हलता माझी परीक्षा संपली.

परीक्षा तीन वेळा देता येते. एक गेली.

इथं लायसन्स नाही म्हणजे माणसाला पाय नाहीत. दुकान समोर दिसतं, पण मधे सहा लेनचा रस्ता. केस कापायचे तर मुलाला विचारायचं. तो म्हणणार, "अण्णा, शनिवारी नक्की." शनिवारी ऑफिसचा कॉल येणार. एकदा तर माझे केस मानेवर रुळायला लागले. बायको म्हणाली, "आता एक तंबोरा घ्या, म्हणजे झालं." ज्याला मी टेम्पोत पुढं बसवून शाळेत सोडत होतो, त्याला आता मान खाली घालून 'सोडतोस का रे' म्हणायचं. तो कधी नाही म्हणत नाही. नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

डॉक्टरांनी सांगितलं, खांदा आखडलाय, शुगर असली की होतं. भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम दिला आणि म्हणाले, वर्ष लागेल, जास्तही लागेल. मी तेल लावून भिंतीवर चढायला लागलो. चार दिवसांत भाड्याच्या भिंतीवर माझ्या बोटांचे डाग, आणि हात आहे तिथंच. मग मुलाच्या ऑफिसमधल्या कुणीतरी सुया टोचणाऱ्या चिनी बाईंचं नाव सुचवलं. आता गंमत बघा. मुलाच्या मागं लागायचं नाही म्हणून लायसन्स पाहिजे. लायसन्ससाठी हात पाहिजे. आणि हातासाठी दर गुरुवारी दुपारी मुलानं मीटिंग सोडून मला सुयांना न्यायचं!

लॉन्ड्रीच्या शेजारी बाईंचं छोटं क्लिनिक होतं. वयानं माझ्याच आसपासच्या, बारीक, चष्मा कायम कपाळावर. मी मनातल्या मनात त्यांना मावशी म्हणायला लागलो. पूर्वी काय करत होतात, असं त्यांनी विचारलं. मुलानं सांगितलं, ड्रायव्हर. तेव्हापासून "कम, ड्रायव्हर. सिट, ड्रायव्हर." लायसन्स नसलेल्या माणसाला इतक्या प्रेमानं शिवी कुणी दिली नसेल.

दुखतो माझा डावा खांदा. मावशींनी पहिली सुई घातली उजव्या पायात, घोट्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला. दुसरी डाव्या तळहाताच्या कडेला, करंगळीच्या खाली. खांद्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

मी मुलाला म्हटलं, "अरे, खांदा इथं आहे, हे त्यांना सांग की."

"अण्णा, त्यांना माहितीये खांदा कुठं असतो."

"मग पायात काय शोधतायत?"

मुलानं विचारलं. मावशींनी भिंतीवरचं चित्र दाखवलं. एक उघडा माणूस, अंगभर रेघा मारलेल्या. त्या मोडक्या इंग्रजीत बोलत होत्या, मुलगा अर्ध्या इंग्रजीत मराठी करून सांगत होता. "शरीरात बारा रेग्युलर लाइन्स असतात. त्यातून ताकद फिरते. त्याशिवाय आठ एक्स्ट्रा असतात. बारांमध्ये फार झालं, भरून वाहायला लागलं, की ते ह्या आठांमध्ये जातं. कमी पडलं की ह्यांच्यातून परत येतं."

मला एकदम समजलं. "म्हणजे दिवाळीच्या जादा गाड्या!"

"तसंच काहीतरी."

"बरं, मग ही कुठली गाडी?"

"टाचेपासून निघते. पायाच्या बाहेरच्या बाजूनं वर, कमरेवरून, बरगड्यांवरून, खांद्यावरून, मग चेहऱ्यावरून डोळ्यापर्यंत."

"खांद्यावरून जाते ना? मग खांद्याला थांबत का नाही?"

हे त्यानं मावशींना सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मावशींनी उत्तर दिलं असतं, असं मला अजून वाटतं. पण मावशी आपणहून पुढं बोलल्या. ह्या गाडीला स्वतःचे स्टॉप नाहीत, दुसऱ्यांच्याच स्टॉपवर थांबते. चालू करायची किल्ली मात्र घोट्याखाली. तिथं किल्ली फिरवली की सगळी वाट उघडते. पटण्यासारखं होतं. माझा टेम्पोही किल्लीनंच चालू व्हायचा. नाही झाला तर मी बॉनेटवर बुक्की मारायचो, ते मी बोललो नाही.

तेवढ्यात माझा पाय मावशींच्या गुडघ्याला लागला. आता पाय लागला की आपण काय करतो? विचार करून करत नाही कुणी. मी टाणकन उठून त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि छातीला लावायला गेलो. घोट्यातली सुई वाकडी झाली, हातातली गादीवर पडली, मावशी चिनीत ओरडल्या आणि मी मराठीत. मुलगा दोन्ही हातांनी डोकं धरून उभा. तो त्यांना सांगत होता, हा आमच्यात आदर असतो. मावशी म्हणाल्या, "रिस्पेक्ट लेटर. नीडल फर्स्ट."

अर्ध्या तासानं सुया काढल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बेटर?"

इथंच माझी माती झाली. हात होता तिथंच होता. पण एवढ्या वयाच्या बाई माझ्या पायाशी बसून राबलेल्या, मी त्यांना लाथ मारलेली, मुलगा दारात घड्याळ बघत उभा. तोंडावर 'नाही' कसं म्हणायचं? मी म्हटलं, "बेटर. व्हेरी बेटर."

मावशींनी वहीत लिहून घेतलं. चेहरा असा खुलला की मलाही बरं वाटलं.

पुढच्या गुरुवारी परत तोच घोटा, तीच करंगळी. का? तर बेटर होतंय ना! बेटर होतंय तर बदलायचं कशाला? शेवटी त्यांनी विचारलं, "मोर बेटर?" आता मागच्या वेळेपेक्षा कमी कसं सांगायचं? आठ गुरुवार मी चढत्या भाजणीत बरा होत गेलो. पाचव्या गुरुवारी तर त्यांनी शेजारच्या पेशंटला आत बोलावून मला दाखवलं. मी उजवा हात वर करून दाखवला. त्या माणसानं टाळ्या वाजवल्या.

घरीही तेच. बायको विचारायची, "काही फरक?"

"आहे की."

"मग ते वरचं पातेलं काढा."

"आज अंग मोडून आलंय, उद्या बघू."

"फरक तुमच्या जिभेत पडलाय," ती म्हणायची आणि स्वतःच काढायची.

एकदा मावशींना शर्ट वर करताना माझा कमरेचा काळा करदोडा दिसला. त्या खूश झाल्या. त्या आठांमधली एकच रेघ आडवी जाते म्हणे, कमरेभोवती पट्ट्यासारखी. बाकी सगळ्या उभ्या. ती ढिली पडली की माणूस मधून सैल होतो. त्यांनी करदोडा बोटानं ओढून बघितला आणि मान डोलावली, जणू आमच्या आजोबांना हे सगळं ठाऊक होतं. मी घरी येऊन बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पोट सुटलंय ते रेघेमुळं. बरं झालं, आजपर्यंत मी माझ्या पोळ्यांना दोष देत होते."

आठव्या गुरुवारनंतर मुलानं दुसऱ्या परीक्षेची तारीख घेतली. विचारलं, "अण्णा, जातो ना आता हात?" मी म्हटलं, "धावतो."

ह्या वेळी परीक्षा घ्यायला एक बाई होत्या. बटणं मी पाठ करून गेलो होतो. पडद्यावर कुठं दाबलं की धुकं जातं आणि कुठं दाबलं की गाणं येतं, सगळं पाठ. मग खुणा. डावीकडची दात खाऊन केली. उजवीकडची करायला गेलो तर हात खिडकीत अडकल्यासारखा. त्या बाई खाली वाकल्या आणि विचारलं, "शोल्डर प्रॉब्लेम?"

बघा, स्वतःहून विचारलं. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "नो नो. बेटर. व्हेरी बेटर."

मग त्या वाट बघत उभ्या राहिल्या. आता बेटर माणसाला हात वर करायलाच पाहिजे. मी उजव्या हातानं डावं मनगट धरलं आणि ट्रकचं टायर उचलावं तसं ओढून वर नेलं. खांद्यात असा काही जाळ झाला की समोरचं दिसेना. त्यांनी कागदावर खूण केली आणि शेजारी येऊन बसल्या. गाडी रस्त्यावर आली. पहिल्याच डाव्या वळणाला डावा हात स्टिअरिंगवरून सुटला, एका हातानं वळवता वळवता मी शेजारच्या लेनमध्ये घुसलो. मागच्यानं जो हॉर्न वाजवला, तो ऐकून मला क्षणभर गावी आल्यासारखं वाटलं. बाई म्हणाल्या, "परत ऑफिसला घ्या."

मुलगा तिथं उभा होता. बाईंनी त्याला समजावून सांगितलं, त्यानं मला. खांदा दुखतोय म्हणालो असतो तर त्यांनी ती खूण सोडून दिली असती. चालवणं चांगलं असतं तर तेवढं बस होतं.

"अण्णा, त्यांनी विचारलं होतं तुम्हाला?"

"विचारलं होतं."

"मग?"

मी गाडीचं दार उघडलं. गाडीत बसल्यावर म्हटलं, "अरे, हात पहिल्या दिवसापासून तसाच आहे. एक बोटभरसुद्धा फरक नाही."

त्यानं गाडी चालूच केली नाही. "आठ गुरुवार, अण्णा! मी मॅनेजरला आठ वेळा खोटं कारण दिलंय. तुम्ही मला एकदा सांगायचं ना यार!" बापाला यार म्हणाला, इतका चिडला होता. मला राग आला, पण राग कुणावर काढायचा ते सापडेना. मावशींवर काढावा तर त्यांना मीच फसवलं. मुलावर काढावा तर गाडी त्याची.

गुरुवारी मावशींनी विचारलं, "टेस्ट पास, ड्रायव्हर?"

मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "तुम्हीच सांगा." आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. "मावशी, नॉट बेटर. फर्स्ट डे नॉट बेटर. ऑल डे नॉट बेटर. आय लाय."

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. वही उघडून पानं उलटली. प्रत्येक पानावर माझं बेटर. मग त्या जे बोलल्या त्यातलं निम्मं मला कळलं नाही, पण सूर आमच्या चौथीच्या मास्तरांचा होता. शेवटचं तेवढं कळलं. "आय टेक राँग रोड एट वीक! बिकॉज यू पोलाइट!"

मग त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. हात किती जातो ते मोजलं, कुठं अडतो ते बोटानं दाबून बघितलं. ही रेघ सोडून दुसरी घेतली, मनगटाच्या वरून जाणारी. सुई घातली की विचारायच्या, "बेटर?" मी म्हणायचो, "नो." प्रत्येक 'नो'ला मला घाम फुटायचा. सातव्या की आठव्या 'नो'नंतर दंडात काहीतरी मुंग्यांसारखं सरकलं. बेटर म्हणावं असं ते नव्हतं. मी म्हटलं, "नॉट बेटर. बट समथिंग." त्यांनी तेवढंच लिहिलं, खुलल्या बिलल्या नाहीत.

हात अजून कानापर्यंत जात नाही. शेवटची परीक्षा महिन्यावर आलीय. आता बायको रोज पोळ्या लाटताना माझी तालीम घेते. ती परीक्षकबाई होते, लाटणं माझ्याकडे रोखते.

"शोल्डर प्रॉब्लेम?"

"येस मॅडम. लिटल लिटल पेन. नो प्रॉब्लेम."

"परत! नो प्रॉब्लेम कशाला म्हणताय?"

"अगं, निघतं तोंडातून."

"अहो, प्रॉब्लेम आहे म्हणून तर सांगायचंय ना! चला, परत."