वन्संचे आठ ड्रेस

माझ्या नणंदेसमोर नवा कपडा घालून उभं राहायची हिंमत अख्ख्या वेस्ट विंडसरमध्ये कुणाची नव्हती. कपडा तिला आवडला तरी पंचाईत, नाही आवडला तरी पंचाईत. बाईसाहेब थेट हात घालून शिवण उलटून बघणार! एकदा ग्रोसरीच्या लाइनीत पुढच्या अनोळखी बाईच्या स्कर्टची दुमडच तिनं दोन बोटांनी उचलली. ती बाई दचकून वळली, तर ही शांतपणे म्हणते, "टाका काय सुरेख आहे हो!" तेही मराठीत. हिचा नवरा भरलेली ट्रॉली तिथंच सोडून पार्किंग लॉटमध्ये जाऊन बसला. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला तर बायका तिला बघून पदर घट्ट लपेटून घ्यायच्या. मी तिला चेष्टेनं वन्सं म्हणायची आणि तिच्यापुढे हात टेकायची.

नागपूरला ती कॉलेजात शिकवायची. इथे आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे पैसे मिळतील असं कुठलंही काम करायचं नाही. मग दिवसभर करायचं काय? एक दिवस अपार्टमेंटच्या लाँड्रीत तिला घानाची एक वयस्कर बाई दिसली, अंगात निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा घेरदार झगा. वन्संनी अर्थातच झगा उलटून पाहिला. दुसऱ्या कुणी पोलीस बोलावले असते, त्या बाईनं खुर्ची ओढून दिली. वीतभरसुद्धा रुंद नसलेल्या हातमागाच्या पट्ट्या, निळीत रंगवलेलं सूत, पट्टीच्या काठाला काठ लावून हातानं जोडायचं, हे सगळं त्या आंटीनं तिला शिकवलं. आंटीचा भाऊ तिकडे विणायचा, पट्ट्या पार्सलनं यायच्या, आणि आमच्या वन्सं त्यातून ऑफिसला घालता येतील असे ड्रेस नि जाकिटं शिवायच्या.

घालून बघायला मी. नुसतं आरशासमोर उभं राहून भागायचं नाही. कणीक मळ, वरच्या फडताळातला डबा काढ, कारमध्ये बसून सीट बेल्ट लाव. "काखेत जरासं ओढतंय गं, चालेल," असं तोंडातून गेलं की संपलंच, सगळं उसवणार. "माणूस तिकडे महिनोन् महिने मागावर बसलाय वहिनी, आणि तू ॲडजस्ट करणार?" एक जाकीट तिनं सात वेळा उसवलं. सातव्यांदा मी रडकुंडीला आले, ती मजेत होती. विकायची परवानगी नाही म्हणून सहा वर्षं नुसते वाटत राहिली. घेणाऱ्या म्हणायच्या, "हॉबी छान आहे हं!" की हिचं डोकं सटकायचं. "हॉबी काय यार! काम आहे हे माझं!"

अखेर २००७ साली ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे सरकला आणि तिचं काम करायचं परवानगीपत्र आलं. शेजारच्या गावातल्या एका बुटीकवालीनं तिचं जाकीट कुणाच्या तरी अंगावर पाहिलं होतं. ती म्हणाली, आठ ड्रेस आण, पसंत पडले तर तुझ्या नावानं वेगळा रॅक ठेवते. नेमकं त्याच सुमारास आंटीच्या भावाची नजर गेली आणि माग थांबला. घरात उरल्या होत्या त्या शेवटच्या पट्ट्या. त्यातून बरोबर आठ झाले. "माझं नाव लागणार वहिनी, माझं!" असं ती दिवसातून दहा वेळा म्हणायची.

जायच्या दिवशी सकाळी इस्त्रीला मी होते. वन्सं आंघोळीला गेल्या. मी एकेक ड्रेस वाफेच्या इस्त्रीनं सरळ केला, आठही ओळीनं टांगले, आणि काय सांगू, डोळेच भरून आले. नवं कापड तसंच कोरडं घराबाहेर कसं पाठवायचं? किचनमधल्या कपाटात देव होते. मी करंडा आणला, पाण्यात बोट बुडवलं आणि प्रत्येक ड्रेसच्या खालच्या काठाला, आतून, कुणाला दिसणार नाही असं हळदीकुंकू लावलं. आठही ड्रेसना. मग घड्या घालून एकावर एक बॅगेत ठेवले. वाफेनं कापड अजून दमट होतं, हे माझ्या लक्षात कुठलं यायला!

बुटीकमध्ये बॅग उघडली तेव्हा प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर पिवळेलाल डाग उतरले होते, एकातून दुसऱ्यात, छातीपासून घेरापर्यंत. मालकीणबाईनं बिचारीनं मदत म्हणून साबणाचा ओला टॉवेल आणून पुसलं. हळदीला साबण लागला आणि होतं नव्हतं ते पिवळंही लाल झालं. "इज धिस ब्लड?" ती घाबरून म्हणाली. मी मेल्याहून मेल्यासारखी उभी. वन्संनी ड्रेसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ही सगळ्यांदेखत माझी कातडी सोलणार. पण ती मालकीणबाईला इंग्रजीत एवढंच म्हणाली, "रक्त नाही. आमच्यात नव्या कपड्याला लावतात. ही माझी वहिनी आहे." मालकीणबाई फार सभ्य. डाग पडलेला माल मला ठेवता येणार नाही, म्हणाली, पुढच्या सीझनला दुसरे आठ घेऊन ये. वन्सं थँक यू म्हणाल्या. दुसरे आठ कशातून शिवणार, हे वन्संना विचारायचं माझं धाडस झालं नाही.

पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याची नोकरी बदलली आणि ती सांता क्लाराला गेली. तिथे एका डेंटिस्टच्या फ्रंट डेस्कवर बसते, दर रविवारी न चुकता मला फोन करते. मुलं, हवा, दुखणी सगळं बोलून होतं. एकदा धीर करून मी म्हटलं, "वन्सं, शिव्या तरी दे गं मला." ती हसली. म्हणाली, "वेडी आहेस का? तू मनापासून लावलं होतंस, मला ठाऊक आहे ना." आणि लगेच, "ठेवते आता, पेशंट्सना अपॉइंटमेंटचे कॉल्स करायचेत." रविवारी दवाखाना बंद असतो, हे तिनंच मला सांगितलं होतं. मी "बरं" म्हटलं आणि फोन तिलाच आधी ठेवू दिला.