आठव्या महिन्याचं बाळ

बाळ झालं तेव्हा मला त्याचं तोंडसुद्धा दिसलं नाही. बारीकसं रडणं ऐकू आलं आणि कुणीतरी त्याला हिरव्या कपड्यात गुंडाळून वर घेऊन गेलं. शिरूरच्या त्या खाजगी हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या होत्या. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला घरचे एवढंच सांगायचे, "काचेत ठेवलंय."

सासूबाई माझ्या खाटेजवळ बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ, सातव्याचं जगतं. आठव्याचं जगत न्हाई. उगी जीव लावू नगं. बघाया वर जाऊ नगं."

माझे टाके अजून ओले होते. मी भिंतीकडे तोंड केलं. राग तिथूनच सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी कठड्याला धरून मी वर गेले. दाराला छोटी काच होती. आतली सिस्टर म्हणाली, "ताई, बाहेरूनच बघा. आत इन्फेक्शन होतं."

"माझं कुठलं?"

"कडेच्या पेटीतलं."

दारातून त्या पेटीचा कोपरा तेवढा दिसायचा आणि त्यात चिकटपट्टी लावलेला एक पाय. पुढचे कितीतरी दिवस माझं मूल म्हणजे तो पाय होता. तो हलला की मी खाली येऊन जेवायचे. नाही हलला तर तिथंच उभी राहायचे.

मग दूध आलं. ब्लाऊज भिजायचा, छाती दगडासारखी व्हायची. मी सिस्टरला विचारलं, काढून दिलं तर पाजाल का? ती म्हणाली, पावडरचं चालू आहे. मग मी बाथरूममध्ये जाऊन बेसिनमध्ये दूध पिळून काढायचे आणि नळ सोडायचे. वर माझंच लेकरू डब्यातली पावडर पीत होतं, आणि खाली हे पांढरं पाणी जाळीतून जात होतं. तेव्हा कुणाला तरी धरून मारावंसं वाटायचं.

नवरा रांजणगावच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होता. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसने स्टँडवर उतरायचा, डबा घेऊन यायचा आणि खालीच थांबायचा.

"वर जाऊन बघितलं का?" मी एकदा विचारलं.

"बघू उद्या."

"कालही उद्याच म्हणाला होता."

तो डब्याकडे बघत म्हणाला, "आई म्हणती, लई गुतू नको."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

त्याने डबा माझ्याकडे सरकवला. मी डब्याचं झाकण उचलून भिंतीवर फेकलं. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. त्याने झाकण उचललं, पँटला पुसलं, डब्याला लावलं आणि निघून गेला. त्या दिवशी मला तो माणूस नकोसा झाला होता.

मधल्या पेटीतलं बाळ तालुक्यातल्या एका बड्या घरातलं होतं. एका सकाळी त्यांचे पाहुणे आले. पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या. सिस्टरने पदर सावरल्यासारखा एप्रन सावरला आणि दार उघडलं. चार माणसं चपलांसकट आत गेली. आपलं बाळ बघून झाल्यावर त्यातला एकजण माझ्या पेटीपाशी आला, अंगठीने काचेवर टकटक केलं आणि म्हणाला, "ह्यो कुणाचा रं? पार उंदरावानी हाय." बाकीचे हसले.

मी आत कधी शिरले ते कळलं नाही.

"हात काढा तिथनं!"

सिस्टर धावली. "ताई, तुम्ही बाहेर व्हा आधी."

"मी बाहेर? ह्यांच्या चपला चालतात आन् माझे हात चालत न्हाईत?"

मजलाभर आवाज गेला असणार. पाहुणे एकमेकांकडे बघत बाहेर सटकले. डॉक्टर आले. "ओरडू नका. इथं लहान बाळं आहेत."

"त्यातलं एक माझं आहे. नियम असेल तर सगळ्यांना लावा. न्हाईतर मला आत घ्या. आता मी हलणार न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सिस्टरला म्हणाले, "हात धुवून घ्या यांचे. गाऊन द्या." चुकलं असं कुणीच म्हणालं नाही. आजवर नाही.

पेटीला गोल खिडकी होती. त्यातून मी हात घातला. त्याची अख्खी पाठ माझ्या तळव्यात मावली. ऊनऊन होती. रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संतापच. एवढीशी तर गोष्ट होती, आणि एवढे दिवस ती मला कुणी दिली नव्हती.

त्या दिवसापासून माझं दूध नळीतून त्याच्या पोटात जायला लागलं.

संध्याकाळी नवरा आला. मी त्याला बोलायची संधीच दिली नाही. "वर चला. हात धुवा." त्याच्या हातांच्या भेगांत ऑइलचं काळं बसलेलं असायचं. तो इतका घासत राहिला की सिस्टरच म्हणाली, "दादा, पुरे आता." त्याने एक बोट आत घातलं आणि तसाच उभा राहिला.

"बोला काहीतरी त्याच्याशी."

"काय बोलू?" मग अगदी हळू, बसमधल्या माणसाला सांगावं तसं, "शिरूर. मग सरदवाडी लागती. मग कारेगाव. आन् मग आपली कंपनी." मी हसले. टाके दुखले. त्यानंतर तो रोज येत राहिला. मी मात्र त्याच्याशी नीट बोलायला बराच काळ घेतला.

बाळाला सुट्टी मिळाली तेव्हा मी सासरी गेले नाही. चौफुल्यावरून थेट यवतला, माहेरी. काही दिवसांनी सासूबाई आल्या. चहा झाला. मग एकदम म्हणाल्या, "माझं पयलं आठव्याचंच व्हतं. मांडीवरच गेलं. लई जीव लावला व्हता म्या."

"मग हे मला तेव्हाच सांगायचं ना, आत्या."

"सांगून काय झालं असतं?"

"मी एकटी पडले नसते."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, बाळाकडे हात केले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. मी बाळ त्यांच्या हातात दिलं, पण लगेच दिलं नाही.