निगरगट्ट बुरशीची बशी

शेतीच्या प्रयोगशाळेत मावशींनी अकरा वर्षं बाटल्या धुतल्या. बघून बघून त्या काचेच्या बशीत बुरशी लावायला शिकल्या, तेव्हा कुठे मॅडमनी ते काम त्यांच्या हाती दिलं, तेही बजावून, "घोळ झाला, तर परत बाटल्या."

टोमॅटो नासवणाऱ्या बुरशीचे तिथे दोन वाण होते. साधा, राखाडी वाण औषधाने मरायचा. दुसरा पांढरट, औषध पिऊनही वाढायचा. त्याला मावशी निगरगट्ट म्हणायच्या.

आणि घोळ झालाच. मावशींनी दोन्ही वाण एकाच बशीत लावले, तेही औषध न घातलेल्या. चार दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं. बशी गुपचूप फेकली असती, तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण झाकणातून भलतंच दिसत होतं. राखाडीने जवळजवळ सगळी बशी व्यापली होती आणि निगरगट्ट कडेला अंग चोरून बसला होता. हा कसा दबला, हे विचारल्याशिवाय मावशींना चैन पडेना. त्या तडक मॅडमपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"चुकलं माझं. पण औषधाला पुरून उरणारा हा गडी इथे मार का खातोय?"

मॅडम बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. "औषध सोसण्यात त्याची ताकद खर्ची पडत असेल. औषधच नसेल, तर ती वाया जाते आणि साधा पुढे निघतो. पण एका बशीवरून छातीठोक सांगता येणार नाही. हीच चूक आणखी वीस बशांत करा."

"चूक एकदा होते, मॅडम. वीसदा केली की तिला काम म्हणतात," मावशी म्हणाल्या आणि बिनऔषधाच्या बशा काढायला वळल्या.