रेडिओ अकोल्यात, प्लेअर अमरावतीत

वाटणीच्या कामात आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांसारखा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही. एकमेकांची डोकी फोडायला निघालेले भाऊ त्यांच्या ओट्यावर येत आणि जाताना एकमेकांना पान देत. स्वतःच्या वाटणीत मात्र साहेबांनी थोरल्या भावाशी असा काही काटेकोरपणा केला, की वडिलांचा मोठा रेडिओ राहिला अकोल्यात आणि त्याला जोडायचा पेटीतला रेकॉर्ड प्लेअर आला अमरावतीत. त्या प्लेअरला स्वतःचा आवाज नव्हता. वायर रेडिओच्या पाठीत खुपसली तरच गाणं. एरवी सुई नुसती कुजबुजायची. भावांचं बोलणं तर वाटणीच्याच दिवशी संपलं होतं. यावर साहेबांनी तोडगा काढला तोही वकिलीच. दर रविवारी पेटी उचलून, बडनेऱ्याला गाडी बदलून ते अकोल्याला जात. "मग भावाशी बोलता की नाही?" मी एकदा विचारलं. "बोलाले कायले जाऊ, मास्तर? रेकॉर्ड आयकाले जातो!"

एका रविवारी मीही सोबत गेलो. थोरल्यांनी न बोलता दार उघडलं. रेडिओ मात्र आधीच भिंतीपासून पुढे ओढून ठेवलेला होता. साहेबांनी वायर लावली. रेकॉर्ड निवडायचा हक्क धाकट्याचा, बटणाचा थोरल्याचा. तान रंगात येऊन साहेबांची मान डोलू लागली, की थोरले नेमका आवाज कमी करत. साहेब चिडून सुई उचलत आणि पुन्हा पहिल्यापासून लावत. "मास्तर, सांगा यायले, गानं आहे, गुपित नाई!" "मास्तर, सांगा त्याले, मी बहिरा नाई!" दोन तासांत एक रेकॉर्ड पुरी झाली नाही. निघताना वहिनींनी डबा दिला, आणि थोरले खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढच्या रविवारी लवकर ये म्हना त्याले."

पुढे थोरले गेले. वहिनींनी रेडिओ अमरावतीला पाठवून दिला. दोन्ही वस्तू एका टेबलावर आल्या, तरी दोन महिने साहेबांनी पेटी उघडली नाही. मग एका दुपारी त्यांनी मला हाक मारली, रेडिओजवळच्या खुर्चीत बसवलं आणि रेकॉर्ड लावली. घरभर खणखणीत गाणं भरलं. मी खूश होऊन ऐकत होतो. साहेबांची मान काही डोलेना. शेवटी ते माझ्यावर खेकसले, "मास्तर, बटनापाशी काय झोपा काढाले बसले? कमी करा ना आवाज!" मी बटण फिरवलं. साहेबांनी माझ्याकडे न बघता सुई उचलली आणि रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली.