सिल्वेस्टर, मंडळ आणि युरोप

सिल्वेस्टर गेल्याचं कळवायला रिटाचा फोन आला, तेव्हा मी परदेशातल्या आमच्या वेरिबी उपनगरातल्या घरी ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगला बसले होते. "अगं, सिल्वेस्टर गेला… झोपेतच," नवऱ्याबद्दल ती एवढंच बोलू शकली. अंत्यविधीला मोजकीच माणसं चालणार होती. आम्ही बाकीच्यांनी तो लॅपटॉपवर पाहिला. या साथीने रडायचीही सोय ठेवली नाही. खरं सांगते, मी थकले आहे.

वसईचा, रविवारचं चर्च न चुकवणारा हा माझा मित्र इथल्या युनिव्हर्सिटीत युरोपचं राजकारण शिकवायचा. हॉलंडमध्ये एके काळी कॅथलिकांची आणि प्रोटेस्टंटांची शाळा वेगळी, वर्तमानपत्र वेगळं, फुटबॉलचा क्लबसुद्धा वेगळा. मत कुणाला द्यायचं ते जवळपास जन्मतःच ठरलेलं. पुढे चर्चं ओस पडली, जुने पक्ष खिळखिळे झाले, बाहेरून नवी माणसं आली आणि त्यांची भीती दाखवून मतं मागणारेही आले… हे सगळं तो चहा गार होईपर्यंत सांगत बसायचा. "नुसती डोकी मोजून राजकारण कळत नाही गं. कोण कुणाला आपलं मानतं, ते बघावं लागतं."

आणि डोकी मोजायची चूक त्यानेच केली! वेरिबीत मराठी घरं वाढली होती. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीला उभं राहिलो तर आमचं मराठी मंडळ पाठीशी असणारच, असं तो धरून चालला. मंडळाची बैठक झूमवर झाली. सिल्वेस्टरचा कॅमेरा बंद होता, तो ऐकतोय हे विसरून सेक्रेटरी महेश म्हणाला, "सिल्वेस्टर माणूस लाख चांगला आहे रे. पण आपल्यातलाच कँडिडेट मिळत असेल, तर त्याला कशाला सपोर्ट करायचा?"

"म्हणजे तो कुणातला?" मी भडकून विचारलं. मग सिल्वेस्टरचा आवाज आला, "मी आहे हं इथे… चालू द्या तुमचं."

त्याने अर्ज भरलाच नाही. नंतर मला फोनवर म्हणाला, "महेशसारखी माणसं मी आयुष्यभर पुस्तकांत वाचली. त्यातलाच एक आपल्याच मंडळात भेटला, तेव्हा मात्र लागलं." त्यानंतर काही आठवड्यांतच तो गेला.

निर्बंध सैल झाल्यावर रिटाने मला गॅरेजमध्ये नेलं. दर दिवाळीला तो मंडळातल्या घरांसाठी आकाशकंदील करायचा आणि ते झाले की नाताळचे तारे. यंदाचे बहुतेक कंदील नुसतेच सांगाडे होते. एकालाच कागद लावून झाला होता, अगदी झिरमिळ्यांसकट. त्यावर पेन्सिलने महेशचं नाव लिहिलं होतं.

"तू पोचवशील?" रिटाने विचारलं.

मी हो म्हटलं. महेशच्या दारात उभं राहून काय बोलायचं, ते सुचत नाही. कंदील अजून गाडीतच आहे.