साडूभाऊंचा आवाज

वाशिम जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडूंएवढा आवाज दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही, हे मी कुठंही सांगायला तयार आहे. ते मेडशीचे. शेत सोयाबीन-तुरीचं आणि स्वभाव भांडखोर. घरात मोबाइल असून त्यांनी तो शेतात कधी नेला नाही. काम निघालं की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून हाक मारत. ज्याला मारली तो येईच, शिवाय ज्यांना मारली नव्हती असे दोघं-तिघंही येऊन उभे राहत. फाट्यावरून सुटलेली एसटी ते अंगणातून थांबवत. कुणाशी सहमत होणं तर त्यांना कमीपणाचं वाटे. मी एकदा म्हणालो, "यंदा तूर चांगली दिसते." तर गरजले, "तुमाले दुरून काय दिसते, साडूभाऊ?" ते ऐकून शेजारी सावधपणे म्हणाला, "तूर बेकारच हाय." लगेच त्याच्यावर वळले, "काहून बेकार? डोये फुटले का तुहे?" त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही ताई म्हणतो, ती आतून म्हणे, "त्याईले तुरीचं काई नाई. भांडाले भेटलं पायजे."

साठीच्या आसपास त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पहिले काही महिने ते हाताशीच भांडले. "थांब म्हनलं तं थांबत नाई. कोनावर गेला हा!" नागपूरच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. गोळ्यांवर काही वर्षं बरी गेली. पुढं गोळीचा असर उतरला की अंग लाकडासारखं होई, उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटत, आणि घास तोंडापर्यंत जाईना. ताई भरवू लागली. मग त्यांनी लग्नकार्यांना येणं सोडलं. केनवडला नात्यात बारसं होतं, मी मुद्दाम न्यायला गेलो. भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "चार लोकांत बायकोच्या हातचा घास खाऊ का मी?" हळू बोललेलं त्यांचं हे मी ऐकलेलं पहिलं वाक्य.

डॉक्टरांनी मेंदूत बारीक तारा आणि छातीच्या वरच्या भागात, कातडीखाली बॅटरी बसवायचं ऑपरेशन सुचवलं. आजार जाणार नाही, म्हणाले, पण थरथर थांबेल, दिवसातले बरे तास वाढतील. ताई घाबरून नको म्हणाली, म्हणून साडूभाऊ हो म्हणाले. या ऑपरेशनात माणसाला जागं ठेवून बोलायला लावतात, म्हणजे तार नेमकी लागली की नाही ते कळतं. बाकीच्या पेशंटांना 'बोला' म्हणावं लागतं, यांना 'जरा गप बसा' म्हणावं लागलं, असं डॉक्टरांनीच बाहेर येऊन आम्हाला सांगितलं. करंट दिल्याबरोबर हात शांत पडला, तेव्हा हे ओरडले म्हणे, "बस! आता काईच हलवू नका!"

पुढं मशीन सुरू झाल्यावर मी मेडशीला गेलो. साडूभाऊ आपल्या हातानं वरण-भात खात होते. शीतही सांडत नव्हतं. ताई दाराशी उभी होती. मोकळ्या झालेल्या हातांचं काय करावं हे तिला समजत नव्हतं. ते माझ्याकडं पाहून काहीतरी बोलले आणि मला ऐकूच आलं नाही. पुन्हा विचारलं. ओठ हलले, शब्द एकमेकांत मिसळले, आवाज कुजबुजीएवढा. करंट वाढवला की काही जणांचं असं होतं. डॉक्टरांनी पुष्कळ जुळवून पाहिलं आणि शेवटी रिमोटवर दोन सेटिंग करून दिल्या. एकीत हात स्थिर. दुसरीत आवाज बरा, पण थरथर परत. घरात त्यांची नावं पडली, हाताची आणि तोंडाची.

शिरपूरला पुतण्याच्या लग्नात ते तोंडाची लावून आले. लग्नाला उशीर झाला म्हणून बँडवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना झोडपलं. शिव्या खाणारे हसत होते, एक-दोघांचे तर डोळे भरून आले. मंगलाष्टकांच्या वेळी मुठीतल्या अक्षता हाताच्या थरथरीनं आपोआपच उडाल्या आणि पुढच्याच्या टोपीवर पडल्या. "फेकाची मेहनत वाचली," ते म्हणाले. पंगत बसली, तसा त्यांनी खिशातून रिमोट काढला, बटण दाबलं आणि गप्प झाले.

त्यानंतर तोंडाची सेटिंग मी क्वचितच ऐकली. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. मशीन असूनही वळताना त्यांचा तोल जातो. न्हाणीत एकदा पडलेही. मी म्हणालो, "साडूभाऊ, थोडं बोलत जा ना. तुमच्या आवाजाबिगर गाव सुनं वाटते."

ते काहीतरी म्हणाले. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"लय बोललो जिंदगीभर. मले भरवता भरवता तुमच्या ताईनं इतकी वर्सं थंडं खाल्लं. आन् कधी बोलली नाई."

तेवढ्यात ताईनं ताटं आणली. तव्यावरच्या भाकरीची वाफ निघत होती. ती त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं पहिला घास घेतला. मधेच ते काही पुटपुटले. मला कळलं नाही.

"भाजीत मीठ जास्त झालं म्हंतात," ताई म्हणाली. उठली मात्र नाही. भाकरी मोडून जेवत राहिली.