अडीच तोळ्यांचं मूलद्रव्य

मूठ मिटून ती समोरच्याच्या नाकापुढे धरायची, ही बाईंची सवय. "सबंध पृथ्वीच्या पोटात मिळून एवढंच. फार तर अडीच तोळे!" चिंचवडच्या आमच्या शाळेत त्या रसायनशास्त्र शिकवत, मी मराठी. एकाच गोष्टीवर जीव जडलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाईंचा जीव फ्रान्सियमवर होता. दगडामातीत नावापुरतं युरेनियम असतंच, त्याच्या मोडतोडीत हे मूलद्रव्य जन्मतं आणि बावीस मिनिटांत निम्मं होतं, हे ऐकता ऐकता डब्यातली माझी भाजी रोज गार होई.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शाळेचे शिपाईमामा मोशीचे. त्यांच्या नव्या विहिरीला पाणी लागलं आणि खडकातून हिरवे, चमकदार खडे निघाले. कुणीतरी म्हणालं, हे युरेनियम. झालं! पाणी कुणी तोंडाला लावेना, जमीन सरकारजमा होणार अशी आवई उठली, मामांची पोटुशी सून भिऊन माहेरी गेली.

मामांनी हे सांगितलं तसे बाईंचे डोळे लकाकले. पुण्यातल्या मैत्रिणीच्या कॉलेजातून त्यांनी किरणोत्सार मोजायचं यंत्र मागून आणलं आणि रविवारी आम्ही मामांबरोबर मोशी गाठली.

विहिरीवर गाव लोटलं होतं. यंत्र खड्यांवर धरताच टिकटिकलं. बायका मागं सरकल्या. मामांची आई मटकन खाली बसली. "गेली जिमीन," एवढंच म्हणाली.

बाईंनी पदर खोचला आणि यंत्र घेऊन त्या धावतच सुटल्या. बांधावर टिकटिक, गोठ्यात टिकटिक, तुळशीपाशी, देवळाच्या पायरीवरही तेवढीच. धापा टाकत परतल्या त्या थेट आजींसमोर बसल्या.

"आजी, हे सगळीकडे असतं. माझ्या घरातसुद्धा. खडे साधे आहेत."

"मंग पानी प्यायचं व्हय?"

बाईंनी कळशीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि घटाघटा प्यायल्या. मागोमाग आजी प्यायल्या, मग मामा, मग बाकीचे.

परतीच्या एसटीत बाईंना धड बसवेना. त्या खडकात आत्ता फ्रान्सियमचा एखादा अणू जन्मत असेल आणि आपण त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होतो, हे त्यांनी कंडक्टरलाही सांगितलं.

सून परत आली. तिला मुलगी झाली. बारशाला बाईंना मानानं बोलावणं होतं. आत्यानं कानात नाव सांगितल्यावर बाईही पाळण्यावर वाकल्या आणि बाळाच्या कानात बराच वेळ काहीतरी कुजबुजल्या. बाळ डोळे मोठ्ठे करून ऐकत होतं. काय सांगितलंत, हे मी त्यांना विचारायचं राहून गेलं. आता विचारायला बाई नाहीत.